फोटोच्या कडा

आमच्या पेपरात रक्त छापत नाहीत. वाचक सकाळी चहाबरोबर पेपर उघडतो, त्याचा चहा कडू होऊ नये एवढी काळजी आम्ही घेतो. पण ती काळजी घ्यायला कुणीतरी बसलेला असावा लागतो, आणि साताऱ्याच्या कार्यालयात अकरा वर्षं तो मी होतो.

तालुक्यातालुक्यातले आमचे बातमीदार दिवसभर फोनवर फोटो पाठवायचे. अपघातातलं, विहिरीतून काढलेलं, झाडावरून उतरवलेलं, कोयत्यानं झालेलं. एका घटनेचे बारा-पंधरा फोटो. त्यातून छापण्याजोगा एक निवडायचा आणि तोही कापायचा. छापण्याजोगा एक सापडेपर्यंत न छापण्याजोगे चौदा बघावे लागतात, हे वाचकाला कुणी सांगत नाही. सांगून तरी काय उपयोग.

साताऱ्याचं पान आणि सांगलीचं पान, दोन्ही माझ्याकडे होती. त्यामुळे पहिला प्रश्न असायचा की फोटो कुठला. पुष्कळदा कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा, भलत्याच मुलखातला फोटो फिरवायचा आणि आमचा बातमीदार भाबडेपणानं तो पुढे ढकलायचा. म्हणून मी फोटोच्या मधे बघायचं सोडून कडेला बघायला शिकलो. मैलाचा दगड, दुकानाची पाटी, ट्रॉलीवर रंगवलेलं कारखान्याचं नाव, मागे द्राक्षबाग आहे की माण तालुक्याकडचं उघडं माळरान. कडेवरून गाव ओळखायचं, पान ठरवायचं, मग मधलं कापून टाकायचं. रस्ता ठेवायचा, रक्त काढायचं.

यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. साताऱ्यातल्या म्हसवडचा फोटो आणि सांगलीतल्या आटपाडीचा फोटो मी नुसत्या बाभळीवरून वेगळा काढतो, असं कार्यालयात चेष्टेनं म्हणत. मला त्याचा अभिमान होता. आणि आत कुठेतरी अशीही समजूत होती की मी मधे बघतच नाही, म्हणजे मला काही बाधणार नाही. स्वतःवर इतका खूष असलेला माणूस खड्ड्यात पडायला वेळ लागत नाही.

चेहरे मला खरंच आठवत नाहीत. कडेचं आठवतं. उपडी पडलेली एक चप्पल. झाकण उघडून लांब गेलेला स्टीलचा डबा आणि त्याच्यातली मटकीची उसळ. गवताचा भारा, तसाच बांधलेला, जणू आता कुणीतरी येऊन उचलणार आहे. एका फोटोच्या कोपऱ्यात दुधाची किटली सरळ उभी होती, एक थेंब सांडला नव्हता. ती किटली माझ्या स्वयंपाकघरात कैक महिने उभी राहिली.

मग घरातल्या वस्तू हळूहळू फितूर झाल्या. दारातली बायकोची चप्पल उलटी पडली की तिला वाटायचं, घरात भांडण होणार. मला वेगळंच दिसायचं आणि मी धावत जाऊन ती सरळ करायचो. नंतर नंतर तर येताजाता चपला ओळीनं लावायला लागलो. बायको म्हणाली, "तुम्हाला शिस्त लागली म्हणायची." मी हसलो. तिला काय सांगणार? डब्याचं झाकण घट्ट बसलं की नाही, हे मी तीन तीनदा बघायचो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर समोरून आला की मी गाडी बाजूला घेऊन, तो पार दिसेनासा होईपर्यंत थांबायचो. मागचे लोक शिव्या घालून जायचे.

हे बोलायची लाज वाटायची. मी कुठे गेलो होतो? जागेवर जाणारा आमचा खटावचा बातमीदार, हातानं पंचनाम्याला मदत करणारा, तो जेवून आडवा झाला की घोरायचा. आणि मी पंख्याखाली, गादीच्या खुर्चीत, चहा पीत. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही घटनास्थळी जाता का?" मी म्हणालो, "नाही, खुर्चीतून उठतसुद्धा नाही." त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि फिरायला जा म्हणून सांगितलं. मीही ते सगळ्यांना गमतीत सांगितलं. सवय होते म्हणतात ना, ती कधी होते याची मी वाट बघत होतो.

माझी एक थोरली बहीण आहे. आक्का. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनं. विट्याच्या पुढे एका गावात तिला दिली आहे. दाजी सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. दर मंगळवारी मोटारसायकलवरून माजी सैनिकांच्या कँटीनला जाणार, साबण, तेल, चहापत्ती घेऊन येणार. टाकीवर हिरवी कँटीनची पिशवी, तिचा एक बंद तुटलेला आणि त्याला पिवळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ. मागच्याच दिवाळीत मी त्यांना म्हणालो होतो, "दाजी, पिशवी बदला की आता." ते म्हणाले, "बंद तुटलाय, पिशवी न्हाई तुटली."

त्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला पाच फोटो आले. उसाची ट्रॉली आणि मोटारसायकल. गावकऱ्यांनी माणसावर धोतर टाकलं होतं, त्यामुळे मधे बघण्यासारखं काही नव्हतंच. मी नेहमीप्रमाणे कडेला गेलो. डाव्या कोपऱ्यात हिरवी पिशवी होती. फोटो मोठा केला. तिच्या बंदाला पिवळ्या दोरीची गाठ होती.

इथे मला माझी अक्कल सांगायची आहे. साताऱ्या-सांगलीकडे दर दुसऱ्या घरात एक तरी माणूस फौजेतला. ती पिशवी हजारो घरांत आहे. आणि ती पिवळी दोरी द्राक्षाच्या वेली बांधायला वापरतात, विट्या-तासगावकडे पायाखाली सापडते. ज्याला दोन बाभळींतला फरक कळत होता, त्याला एवढं कळायला हवं होतं. नव्या लोकांना मी स्वतः दरडावून शिकवायचो की गाडीचा नंबर मिळाल्याशिवाय, पोलीस पाटलानं नाव सांगितल्याशिवाय कुणाच्या घरी फोन लावायचा नाही. मी दाजींना फोन लावला. लागला नाही. कँटीनमध्ये रेंज नसते, हेही मला ठाऊक होतं. मी बातमीदाराला फोन न करता आक्काला केला.

"दाजी कुठं आहेत?"

"कँटीनला गेल्यात की. मंगळवार न्हाई का आज? का रं?"

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. काहीही, अगदी चहापत्ती आणायला सांगायची होती असंसुद्धा. मी गप्प राहिलो आणि मग माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं.

"आक्का, तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?"

आमच्याकडे हे वाक्य एकाच कामासाठी वापरतात. पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. पलीकडून भांडं पडल्यासारखा आवाज आला, तो फोन पडल्याचा होता. मग लांबून एक आवाज यायला लागला, तो आक्काचा आहे हे मला ओळखता आलं नाही. मी फोन बंद केला नाही. तो आवाज मी ऐकत बसलो, समोर पाच फोटो उघडे.

पुढचं मला दाजींनीच सांगितलं. तासाभरानं ते गावात शिरले, टाकीवर पिशवी, तर दारात माणसं. बायका जमलेल्या, कुणी गॅस बंद केलेला, कुणी दारातली रांगोळी पुसून टाकलेली. दाजींना वाटलं, शेजारची म्हातारी आटोपली. गाडी लावत त्यांनी सहज विचारलं, "कोण गेलं रं?" सगळे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. मग वाट झाली आणि आत आक्का भिंतीला टेकून बसलेली दिसली. तिनं नवऱ्याला बघितलं आणि ती रडायची थांबली. पण उठली नाही.

दाजींनी मला फोन केला. मला वाटलं, आता उभा आडवा घेतील. ते हसत होते. "आयुष्य वाढलं गड्या माझं," म्हणाले. "आसं खोटं मेलं की धा वर्सं वाढत्यात." मी म्हणालो, "आक्काला द्या." ते म्हणाले, "आत्ता नगं."

संध्याकाळी गाडीचा नंबर आला, नाव आलं. खानापूर तालुक्यातलाच एक माणूस, तोही फौजेतून आलेला. मी सांगलीच्या पानावर दोन कॉलम बातमी लावली. फोटो कापला. ट्रॉलीवरचं कारखान्याचं नाव गेलं, धोतर गेलं, पिशवीही गेली. त्याच्या घरी तो फोन कुणी केला, कुणी त्याच्या बायकोला विचारलं जवळ कोण आहे म्हणून, मला माहीत नाही. पिशवी आमची नाही निघाली याचा मला आनंद झाला, हे मात्र मला चांगलं आठवतं.

त्यानंतर आक्का माझा फोन उचलेना. दाजी म्हणत कामात आहे, देवळात गेली आहे, डुलकी लागली आहे. असे महिने गेले. भाऊबीजेला मी गेलो. तिनं रीतसर ओवाळलं, करंज्या वाढल्या, मी दिलेली साडी बघून रंग बरा आहे म्हणाली. मी निघताना ती फाटकापर्यंत आली.

"एक सांगू? रागावू नगंस. फोन करत जाऊ नगंस मला."

"आक्का, चुकलं माझं."

"चुकलं कशाचं रं. तुझं काय न्हाई. पन तुझं नाव आलं की हातच पुढं हुईत न्हाई. आनि उचलला न्हाई की दिसभर वाटत राहतंय, काय सांगायचं आसंल."

ज्या माणसाच्या नावानं बहिणीला माहेर आठवायचं, त्याच्या नावानं तिला आता तो फोन आठवत होता. मी जे कापून टाकत होतो ते कुठेतरी जातच होतं म्हणायचं. मी तिला म्हणालो, मग मी कळवू कसं, बरं चाललंय म्हणून? त्यावर तिनं तोडगा काढला. रोज सकाळी एक फूल पाठव. फूल आलं म्हणजे सगळं ठीक. बाकी काही लिहू नको.

त्या गुलाबांच्या फुलांची आणि सुविचारांची मी जन्मभर टिंगल केली होती. शुभ सकाळवाल्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे, हे माझं कार्यालयातलं आवडतं मत. आणि आता मीच रोज सहाला उठून गुलाब शोधायला लागलो. जास्वंद, झेंडू, कमळ, दव पडलेलं, न पडलेलं. तांबडं फूल शक्यतो टाळायचो. पलीकडून जोडलेले हात यायचे. हात आले की मी दात घासायला जायचो. सात महिने एक सकाळ चुकवली नाही.

तोवर माझं पानही बदललं होतं. एका दुपारी साधा अपघाताचा फोटो मोठा करताना माझा हात माउसवरून निघेना. साहेबांनी बघितलं आणि फार न बोलता मला पुरवणीला टाकलं, पाककृती आणि राशिभविष्य. हसायला लोकांना विषय मिळाला. भविष्य एक गुरुजी लिहून पाठवायचे, मी फक्त शुद्धलेखन बघायचं. पण बाराही राशींना मी माझ्याकडून एक ओळ घालायचो, वाहन जपून चालवा. गुरुजींची कधी तक्रार आली नाही.

फोनमध्ये फोटो आपोआप उघडणं मी बंद करून टाकलं होतं. कुणी काही पाठवलं की आधी नुसता धुरकट चौकोन दिसायचा. त्या धुरकट रंगावरून मी अंदाज बांधायचो. हिरवा असला तर शेत, पिवळा असला तर हळदीचा कार्यक्रम. पाठवणाऱ्यानं खाली दोन शब्द लिहिले असतील तरच मी तो उघडायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अकराला आक्काकडून फोटो आला. तिनं मला आजवर हात सोडून काही पाठवलं नव्हतं. खाली एक अक्षर नाही. चौकोन लालभडक होता, कडेपर्यंत लाल, फक्त एका कोपऱ्यात काहीतरी मातकट. कडेला बघणाऱ्या माणसाला कड नव्हती.

मी लिहिलं, "काय आहे?" ते तिनं बघितलं नाही. दाजींना फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आक्काला लावायचा नाही असं वचन दिलं होतं, तरी मी लावला. तीही उचलेना. साहजिक होतं, माझं नाव बघून ती उचलणार कशी? फोटोवर बोट ठेवलं की उघडणार होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं ते एका क्षणात केलं असतं. मी अंगठा त्या चौकोनापर्यंत न्यायचो आणि परत आणायचो. अशी पंधरा मिनिटं गेल्यावर मी साहेबांना, जरा जाऊन येतो, म्हणालो आणि स्टँडवर जाऊन विट्याची एसटी पकडली.

शेजारी एक म्हातारा बसला होता. मी फोन मांडीवर धरून त्या लाल चौकोनाकडे बघत होतो. औंधाचा डोंगर दिसायला लागला तसं त्यानं यमाईदेवीला हात जोडले आणि मला म्हणाला, "आवं, उघडत न्हाई व्हय त्यो? द्या हिकडं, माझ्या नातवानं शिकवलंय मला." त्यानं हात पुढे केला आणि मी फोन असा झटकन मागे ओढला की तो घाबरला. नंतर त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं ते उतरेपर्यंत. मला त्याची माफी मागायची होती, पण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची खात्री नव्हती. त्या कोपऱ्यातलं मातकट काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. कधी ते मला पायरी वाटे, कधी पाय.

गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आक्काचं घर वळणावर आहे, वळलो आणि आधी दारातल्या चपला दिसल्या. आठ-नऊ जोड, सगळे बायकांचे, घाईत काढल्यासारखे एकावर एक. घरात आवाज नाही. एवढ्या चपला भरदुपारी दारात कधी असतात, ते गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. एक चप्पल उलटी होती. मी वाकून ती सरळ केली. दुसरं काय करावं हे मला सुचलं नाही.

तेवढ्यात वरून हसण्याचा आवाज आला. गच्चीवरून. पाठोपाठ तिखटाचा ठसका आला, नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. मी जिन्यानं वर गेलो.

गच्चीभर मिरच्या पसरल्या होत्या. कडेपर्यंत लाल. आठ-नऊ बायका डोक्याला पदर बांधून, सावलीला ओळीनं बसून देठं खुडत होत्या. वर्षाची कांदा-लसूण चटणी करायचे दिवस, शेजारणी एकमेकींच्या मिरच्या निवडायला येतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. चटणी कुटायच्या डंकावर नंबर लावून दाजी नुकतेच परत आले होते, पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते. डंकाच्या दणक्यात फोन काय ऐकू येणार. आक्का मधोमध बसली होती. तिचा मातकट रंगाचा पाय पुढे पसरलेला होता. तो मला बसल्या जागेवरून ओळखता आला असता, जर मी अंगठा एकदा टेकवला असता.

मी सुटलो, असं वाटलं ते क्षणभरच. तिनं मान वर केली आणि तिला मी दिसलो. भरदुपारी, कामाच्या दिवशी, हातात पिशवी नाही, आधी निरोप नाही, डोळ्यांत पाणी. फोनवर सांगता येत नाही असं काही असलं की आमच्याकडे माणूस असाच येतो. ती अर्धवट उठली आणि तशीच मिरच्यांत खाली बसली.

"कोण?" ती म्हणाली.

दाजी तिच्यापासून चार हातांवर उभे होते. मी तिच्यासमोर होतो. सकाळी सहाला फूलही गेलं होतं. तरी ती विचारत होती. बायकांचे हात थांबले.

"कोणी नाही, आक्का. सगळे बरे आहेत."

"खरं सांग. कोण गेलं?"

मी खिशातून फोन काढला, तिच्याजवळ बसलो आणि तिच्यादेखत त्या चौकोनावर बोट ठेवलं. मिरच्या उघडल्या. "तू हे पाठवलंस. कशाला पाठवलंस ते विचारायला आलो," मी म्हणालो. तुला चटणी किती किलोची करू एवढं विचारायचं हुतं, म्हणाली, हात मिरच्यांचे हुते म्हणून लिवलं न्हाई.

दाजींनी पाणी आणून दिलं. बायका पुन्हा देठं खुडायला लागल्या. आक्कानं फोटोकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती, तोंडाकडे नव्हे. शर्टाच्या बाहीकडे, चपलेवरच्या धुळीकडे, हाताच्या बोटांकडे, कडेकडेनं, मी अकरा वर्षं जसं बघत होतो तसं.